कापराचा वास आणि लेकराचा श्वास

दिवाळी सरली, बालाघाटाच्या डोंगरावरून पहाटेचा गार वारा सुटू लागला, की माझ्या दवाखान्याचा वास बदलतो. पावसाळ्यात तिथे ओल्या छत्र्यांचा आणि फिनेलचा वास असतो. हिवाळ्यात कापराचा, निलगिरीचा आणि ओव्याचा. आई लेकराला दुपट्यात गुंडाळून आत येते, पण तिच्याआधी तो वास आत येतो. दुपटे सोडले की लेकराची छाती तेलाने चकचकीत, नाकपुड्यांच्या कडेला मलम आणि गळ्यात पुरचुंडी. "डॉक्टरसाहेब, सगळं करून पाहिलं बघा, पण घरघर काही थांबंना," असे आजी सांगतात.

या आजींना हसण्याचा अधिकार मला नाही. माझ्याही आईने मला हेच केले आणि मी जगलो. रात्री दोन वाजता लेकरू खोकून खोकून बेजार झालेले असते, जवळ वाहन नसते, खिशात पैसे असतीलच असे नाही. अशा वेळी घरात जी बाटली आहे तिच्याकडे हात जाणे हे माणुसकीचेच लक्षण आहे. तरीही आज मला या बाटलीविरुद्ध लिहायचे आहे आणि थोडे परखडपणे लिहायचे आहे.

यंदा हा विषय घेण्याला एक कारणही आहे. गेल्या काही महिन्यांत तरुण आयाबाप मला आवर्जून सांगतात, "डॉक्टर, सिरप नका देऊ. आम्ही घरी नैसर्गिक तेल वापरतो." सिरपची ही भीती खोटी नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून १४ रुग्णांचा बळी घेतला होता आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देण्याचे कारण नाही.

तेव्हा सिरप नको म्हणणारी आई बरोबर आहे. आम्हा डॉक्टरांनीच वर्षानुवर्षे गरज नसताना ही रंगीत पाणी वाटली, हे मला कबूल केले पाहिजे. परंतु सिरपची बाटली खाली ठेवून तिने तेलाची बाटली उचलली, तर ती आगीतून फुफाट्यात पडते. "नैसर्गिक" या एका शब्दावर विसंबून आपण तपास सोडून देतो, हा माझा आक्षेप आहे.

तेल की अर्क?

आधी ही तेले म्हणजे काय ते पाहू. शहरांतील दुकानांत हल्ली यांना "इसेन्शिअल ऑइल" म्हणतात आणि काही जण त्याचे भाषांतर चक्क "अत्यावश्यक तेल" असे करतात. या शब्दाचा खरा अर्थ आहे सार, अर्क. तीळ, करडई, शेंगदाणा घाण्यात घालून काढतो ते खाण्याचे तेल. ते वाफ होऊन उडत नाही. निलगिरीची पाने, लवंगा, पुदिना, ओवा यांना वाफ देऊन जे सुगंधी द्रव्य गोळा करतात ते बाष्पनशील तेल. कित्येक किलो पाला शिजवावा तेव्हा त्यातून बोटभर बाटली भरते. म्हणजे आजीच्या बटव्यातली चिमूटभर ओव्याची पूड आणि ओव्याच्या अर्काचा चमचा यांत ताक आणि दारू यांच्याइतका फरक आहे. एक लवंग चावणे वेगळे आणि लवंगेचे तेल लेकराच्या तोंडात ओतणे वेगळे.

आणि ही तेले फार जुन्या परंपरेतली आहेत असेही नाही. निलगिरीचे झाड मुळात ऑस्ट्रेलियाचे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ते दक्षिणेतील निलगिरी पर्वतावर लावले, म्हणून त्याच्या तेलाला आपण ते नाव दिले. कापूर हा पूर्वी चीन, जपानकडच्या कापराच्या झाडापासून येई. आज बाजारात पूजेसाठी मिळणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. आरतीत तो जळतो, मागे काही उरत नाही, म्हणून तो आपल्याला पवित्र वाटतो. देवापुढे तो अवश्य जाळावा. माझे म्हणणे लेकराच्या अंगाविषयी आहे.

माझी एक चूक

साधारण १९९७-९८ चा हिवाळा असेल. मी नवा एम.बी.बी.एस. होऊन एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होतो. संध्याकाळी एका दीड वर्षाच्या मुलीला झटके येत आहेत म्हणून घेऊन आले. अंग थोडे गरम होते. तापाचे झटके, असे निदान मी अर्ध्या मिनिटात केले. औषध दिले, झटका थांबला. वीस मिनिटांनी पुन्हा आला. मग पुन्हा. मी तापाच्याच मागे लागलो होतो. मुलीच्या श्वासाला कापराचा दाट वास येत होता आणि तो मला येत होता, पण छातीला लावला असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. शेवटी मुलीचा काका सायकलवरून धापा टाकत आला. त्याच्या हातात खोबरेल तेलाची जुनी बाटली होती. घरी कापूर घालून ठेवलेले तेल होते ते. पोट साफ व्हावे म्हणून घरच्यांनी एरंडेल समजून त्यातले चमचाभर मुलीला पाजले होते.

मुलीला अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले आणि ती वाचली. त्या काकाचे माझ्यावर उपकार आहेत. ती बाटली आली नसती तर मी काय केले असते, हा विचार आजही मनात येतो. तेव्हापासून झटके आलेले कोणतेही लेकरू आले, की मी पहिला प्रश्न विचारतो, "घरात काय लावलं? काय पाजलं?"

नंतर वाचनात आले की हीच गफलत साता समुद्रापलीकडेही होत होती. अमेरिकेत वीस टक्के कापूर असलेले तेल औषधाच्या दुकानात मिळे आणि लोक ते एरंडेल समजून मुलांना पाजत. झटके आणि मृत्यू इतके झाले की १९८२ मध्ये तिथल्या सरकारने ते तेल बाजारातून काढून टाकले आणि पुढे अंगाला लावायच्या औषधांतही ११ टक्क्यांपेक्षा जास्त कापूर नको असा नियम केला. आपल्याकडे मात्र हे तेल घरोघरी हाताने बनते. त्याला ना टक्का, ना चिठ्ठी, ना तारीख.

कापूर किती घातक? एक ग्रॅम किंवा त्याहूनही कमी कापराने लहान मुलांचे प्राण गेल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. एक ग्रॅम म्हणजे सोनाराच्या जुन्या हिशेबाने जेमतेम एक मासा. विषबाधेच्या तज्ज्ञांचा नियम असा की, वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कापूर पोटात गेला तर मुलाला लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. झटके पाच मिनिटांतही येतात, तासा-दीड तासानेही येतात. बहुधा आधी कोणतीही सूचना मिळत नाही.

आता अनेक घरांत असणाऱ्या अमृतधारेचा हिशेब करून पाहू. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल समभाग एकत्र केले की तिन्ही घन पदार्थांचे आपोआप पाणी होते. लहानपणी ती जादू मीही डोळे विस्फारून पाहिली आहे. पण समभाग म्हणजे एक तृतीयांश कापूर. एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे साधारण वीस थेंबांत, सुमारे ३०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या लेकराला रुग्णालयात नेण्याची मर्यादा बरोबर तेवढीच आहे. मोठ्या माणसाने साखरेवर दोन थेंब घेतले तर काही बिघडत नाही. परंतु अंधारात, घाईत, रडणाऱ्या लेकराच्या तोंडात बाटली तिरपी करताना थेंब कोण मोजतो?

बाकीच्या बाटल्या

निलगिरीचे तेल पोटात गेले तर लेकराला गुंगी येते, चाल झोकांड्या खाते, उलट्या होतात. एखाद्या चमच्यानेही ते बेशुद्ध पडू शकते आणि उलटी फुप्फुसात गेली तर दुसरेच संकट उभे राहते. निलगिरीच्या मूळ देशात, ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या एकाच बालरुग्णालयात १९८१ ते १९९२ या काळात हे तेल प्यायलेली १०९ मुले दाखल झाली होती. ते वाळवंट किंवा खेडे नव्हे, सुशिक्षितांचे शहर आहे. आपल्या देशात बंगळुरूच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी गेल्या काही वर्षांत दाखवले आहे की, कापूर आणि निलगिरी असलेली मलमे व तेले लावल्याने किंवा हुंगल्यानेही काही प्रौढांना झटके येतात. मोठ्यांची ही कथा, तर लेकराच्या मेंदूची काय असेल याचा विचार वाचकांनी करावा. ज्या मुलाला पूर्वी झटके आले आहेत, त्या घरात तर ही तेले असूच नयेत.

लवंगेचे तेल दाढदुखीला आपण कापसाच्या बोळ्यावर लावतो, ते मोठ्यांना ठीक. पण दात येताना हिरड्या शिवशिवतात म्हणून ते तान्ह्याला लावू नये. चमचा-दोन चमचे पोटात गेल्याने मुलांचे यकृत बिघडल्याची, मूल बेशुद्ध झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

सांधेदुखीचे गंधपुरा तेल तर आजोबांच्या उशाशी उघडेच असते. त्याच्या एका चमच्यात मोठ्यांच्या वीसहून अधिक ॲस्पिरिनच्या गोळ्यांइतके औषध असते. वास गोडसर असल्याने मुले ते तोंडाला लावतात. आजोबांनी ते कुलपात ठेवावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

नाकात किंवा नाकाखाली मलम लावण्याविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तान्ह्या मुलाच्या नाकात तीव्र पुदिना-कापूर गेला तर घसा आवळतो आणि काही क्षण श्वासच थांबू शकतो. छातीच्या मलमांच्या डबीवर "दोन वर्षांखालील मुलांना वापरू नये" असे छापलेले असते ते उगाच नव्हे. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एक विकर कमी असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी कापूर आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्या यांनी फुटतात व कावीळ वाढते. पेटीत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली झबली-टोपडी म्हणूनच धुऊन, उन्हात वाळवून मगच घालावीत.

साधे तेल तरी नाकात घालावे का? तेही नको. टाळूला, अंगाला तेल चोळा, त्याला माझी हरकत नाही. मालिश करणारी आईची बोटे लेकराला हवीच असतात. पण नाकात घातलेले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते. तेलाने होणारा न्यूमोनिया दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी फार पूर्वीच नोंदला आहे.

मग बरे का वाटते?

"पण डॉक्टर, लावलं की नाक मोकळं होतं की!" हा प्रश्न येणारच. वेल्समधील कार्डिफ येथील संशोधकांनी १९८० च्या दशकात पुदिन्याचा अर्क हुंगणाऱ्यांच्या नाकातून प्रत्यक्ष किती हवा जाते ते यंत्राने मोजले. माणसे म्हणाली, नाक मोकळे झाले. यंत्र म्हणाले, होते तेवढेच आहे. पुदिन्याचा अर्क नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसांना जागे करतो, म्हणून गार हवा आत जात असल्याचा भास होतो. सूज उतरत नाही, कफ सुटत नाही, जंतू मरत नाहीत.

दुसरी बाजूही सांगतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात दोन ते अकरा वर्षांच्या १३८ मुलांवर एक अभ्यास झाला. छातीला कापूर-पुदिना-निलगिरीचे मलम लावलेली मुले त्या रात्री जरा बरी झोपली, असे त्यांच्या आईवडिलांनी सांगितले. अनेकांना जळजळही झाली. म्हणजे दोन वर्षांवरील मुलाच्या छातीला कंपनीचे मलम मूगभर लावले, जखम नाही, नाकाजवळ नाही, तर झोपेपुरता त्याचा उपयोग होईल. एवढ्यावर मी भांडणार नाही. आजार मात्र त्याने जात नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, आपल्या जिल्ह्यात ऑक्सिजनच्या खाटेसाठी लोक रात्र रात्र फिरत होते. तेव्हा मोबाईलवर एक संदेश घरोघरी पोहोचला होता: कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीचे थेंब पुरचुंडीत बांधून हुंगा, ऑक्सिजनची पातळी वाढते. पुरचुंडीने पातळी वाढली नाही, ती वाढवणारे काही त्यात नव्हतेच. पण पुरचुंडीच्या भरवशावर दोन दिवस घरी थांबलेली माणसे मी पाहिली आहेत. त्याच काळात उकळत्या पाण्याचे पातेले सांडून भाजलेली मुलेही पाहिली. लेकराला मांडीवर घेऊन वाफारा देणे बंद करा, हे मी तेव्हापासून चिठ्ठीवर लिहून देतो.

खरा घात वेळेचा

इथे मी मुद्द्यावर येतो. आतापर्यंत सांगितलेली विषबाधा रोज होत नाही. त्याहून मोठा आणि न दिसणारा घात दुसराच आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या कडाक्यात एक ऊसतोड जोडपे आठ महिन्यांच्या लेकराला घेऊन आले. दसऱ्यानंतर टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात गेले होते. कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत लेकराला खोकला झाला. आई पहाटे तीनला फडात जाई, कोपीत थोरली बहीण सांभाळी. शेजारच्या कोपीतून निलगिरीचे तेल मिळाले. चार दिवस ते छातीला, पाठीला, तळपायाला चोळले. वास येत होता, लेकरू निपचित पडून होते आणि सगळ्यांना वाटले, आता शांत झोपते आहे. पाचव्या दिवशी मुकादमाची परवानगी काढून गावी आले, तिथून माझ्याकडे. मी दुपटे काढले. श्वास मिनिटाला ७० च्या वर, फासळ्या आत ओढल्या जात होत्या, ओठ निळसर. अंबाजोगाईला नेताना वाटेत ते लेकरू गेले.

ते निलगिरीने गेले नाही, न्यूमोनियाने गेले. पण चार दिवस निलगिरीने घेतले. दुसऱ्या दिवशी आणले असते तर काही रुपयांच्या औषधाने वाचले असते. त्या बापाने मला विचारले, "साहेब, आमचं काय चुकलं?" मी त्याला काही उत्तर दिले नाही. हा लेख एका परीने ते उत्तर आहे. चूक त्याची एकट्याची नव्हती. लेकराचा श्वास मोजायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. मीही नाही. त्याच लेकराला लसीसाठी आणले होते तेव्हा मी पाच मिनिटे बोललो असतो तर?

जगात पाच वर्षांखालील मुलांचे सर्वांत जास्त बळी घेणारा संसर्ग म्हणजे न्यूमोनिया. तो ओळखायला दर वेळी एक्स-रे लागत नाही. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस खेड्यातल्या साध्या आरोग्यसेवकांना आणि दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. मोजता न येणाऱ्यांसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधन केले. मुलांचे मृत्यू घटले आणि १९९० मध्ये ते काम "लॅन्सेट" या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. गडचिरोलीच्या जंगलातल्या दाईला जे जमले, ते बीडच्या आईला का जमू नये? प्रत्येक घरात आज मोबाईल आहे आणि प्रत्येक मोबाईलमध्ये घड्याळ आहे.

लेकरू रडत नसताना, पीत नसताना, शांत असताना सदरा वर करा. पोट एकदा वर आले आणि खाली गेले की एक. पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर त्याला जलद श्वास म्हणतात. मग रात्र असो की दिवस, डॉक्टर गाठावा. पोट उडत असेल, म्हणजे श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, लेकरू पीत नसेल, सगळे ओकत असेल, निपचित पडले असेल, झटका आला असेल, ओठ निळे पडले असतील, तर मोजतही बसू नका, निघा. दोन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला, अंग गार पडले किंवा त्याने दूध सोडले तरी थांबू नका.

घरी काय करावे?

साधी सर्दी आठवडाभरात जाते, खोकला कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. एवढ्या काळात आईच्या दुधासारखे दुसरे औषध नाही, ते वारंवार पाजावे. मोठ्या मुलाला कोमट पाणी, पेज, वरणाचे पाणी द्यावे. नाक चोंदले तर औषधाच्या दुकानात नुसत्या मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, ते घालून नाक पुसावे. वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चाटवावा. खोकला त्याने जरा बसतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध मुळीच देऊ नये, त्याला कारण मधातले काही जंतू. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. आणि धुरी बंद. ओव्याची असो, धुपाची असो वा लसणाच्या सालींची, धूर तो धूर. चुलीजवळ आणि बिडी ओढणाऱ्याजवळही लेकरू नको.

तेल किंवा कापूर पोटात गेलाच तर ओकारी काढू नका, मिठाचे पाणी पाजू नका, दूध-तूप देऊ नका. ओकताना झटका आला तर ते फुप्फुसात जाते. अंगावर सांडले असेल तर कपडे काढून साबणाने धुवा. झटका आला तर कुशीवर वळवा, दातखिळी उघडायला चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर घ्या. बाटली विसरू नका. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेचा सल्ला देणारे राष्ट्रीय केंद्र आहे. पोटात काय गेले हे कळले तर तुमचे डॉक्टर तिथूनही माहिती घेऊ शकतात.

मागणे

शेवटी माझे मागणे तिघांकडे आहे. दुकानदारांनी सुट्या बाटलीत भरलेले निलगिरीचे आणि कापराचे तेल विकताना त्यावर मराठीत दोन शब्द लावावेत: "पिऊ नये, लहान मुलांपासून दूर." त्याला खर्च चार आणेही येत नाही. शासनाने आणि साखर कारखान्यांनी तळावर आशाताईंची फेरी ठेवावी आणि कोपीकोपीत श्वास मोजायला शिकवावे. हजारो लेकरे दरवर्षी आपल्या जिल्ह्यातून उसाच्या फडात जातात. उसाचे वजन काट्यावर किलोकिलोने होते, तर त्या लेकरांचे श्वास मोजायला कुणी का नसावे? आणि तिसरे मागणे आम्हा डॉक्टरांकडे. गर्दी कितीही असो, प्रत्येक खोकणाऱ्या मुलाचा सदरा वर करून आपण पूर्ण एक मिनिट मोजले पाहिजे. आपणच नाडीवर हात ठेवून चिठ्ठी लिहिली, तर आई तरी कशाला मोजेल?

परवा एक आजी नातवाला घेऊन आल्या. तेलाचा वास नव्हता. मी सहज विचारले, "आजी, काही लावलं नाही का?" त्या म्हणाल्या, "सुनेनं मोजलं, साहेब. पंचावन भरले. म्हणून तडक आलो." दहा महिन्यांचे लेकरू होते. न्यूमोनिया होताच, पण सुरुवातीचा होता. तोंडाने औषध दिले, तिसऱ्या दिवशी ते दवाखान्याच्या बाकावर उभे राहून माझ्या टेबलावरची पेनं ओढत होते.

वाचकहो, आज रात्री घरातले लेकरू झोपले की एकदा त्याचा श्वास मोजून पाहा. निरोगी असताना तो किती असतो हे माहीत असले, की आजारात फरक चटकन कळतो. आणि मोजून झाले की तेलाच्या बाटल्या माळ्यावर नेऊन ठेवा.